पर्यावरण-संशोधनात शब्दांची पारख

यंदा पीएच.डी.साठी नाव नोंदविलेल्या काही विद्यार्थ्यांनी पर्यावरण आणि समाज यांच्या संबंधाविषयीचे विषय निवडले आहेत. त्यांच्या टिपणांत पाऊस, पाणी व जमीन ही निसर्गविज्ञानाकडून सिद्ध होऊन आलेली मानली जातात, आणि समाजाचा विचार ‘परिणाम’ या शेवटच्या प्रकरणापुरता उरतो. वस्तुतः या संशोधनाचा आरंभ त्याच्या पुष्कळ आधी होतो. तो शब्दांपासून होतो असे एखाद्या भाषाभ्यासकाने म्हटल्यास तो केवळ स्वशास्त्राचा अभिमान समजू नये.

‘दुष्काळ’ हाच शब्द घ्यावा. पाऊस सरासरीहून कमी पडणे हे अवर्षण. ते पर्जन्यमापकाने मोजता येते. ‘टंचाई’ ही शासनव्यवहारातील संज्ञा होय. ती ठरविताना महाराष्ट्रात दीर्घकाळ पैसेवारीचा, म्हणजे जुन्या आणेवारीचा, आधार घेतला गेला; गावच्या पिकाचा अंदाज 50 पैशांहून कमी आला की सवलतींचा विचार होई. 2016 साली ‘टंचाईसदृश परिस्थिती’ या शब्दप्रयोगाचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे महिन्यात त्याऐवजी ‘दुष्काळ’ असे वाचावे, असे शासनाने जाहीर केले. पाऊस तोच, पीकही तेच. बदलला तो शब्द, आणि त्याबरोबर शेतकऱ्याचा शासनावरील हक्क.

लोकांच्या तोंडचा ‘दुष्काळ’ मात्र या दोहोंहून निराळा असतो. प्रस्तुत लेखक शब्दसंग्रहासाठी माण तालुक्यात हिंडत असता त्याने एका वृद्ध बाईंना विचारले, “आजी, दुष्काळ किती वेळा पाहिलात?” “दुष्काळ एकच, बहात्तरचा,” त्या म्हणाल्या, आणि सुकडी व खडी फोडण्याचे काम यांविषयी सांगू लागल्या. मग अलीकडची कोरडी वर्षे? “ते पाण्याचे हाल, बाबा.” हे उत्तर लेखकाने त्या वेळी विस्मरण म्हणून वहीत नोंदविले. ती चूक त्याची स्वतःची होती. बाईंच्या लेखी दुष्काळ म्हणजे अन्न व मजुरी यांचा अभाव, आणि त्या व्याख्येप्रमाणे त्यांची गणना अचूक होती.

जमिनीच्या शब्दांतही हेच आढळते. सातबाऱ्यावरील ‘पोटखराबा’ म्हणजे लागवडीस अयोग्य क्षेत्र. मेंढपाळाच्या दृष्टीने तेच चराऊ रान असू शकते. गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली सामाईक कुरणाचा नाश अटळ मानला. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी 1990 च्या ग्रंथात, लोक स्वतः नियम करून अशी साधने पिढ्यान्‌पिढ्या राखतात, हे अनेक देशांतील उदाहरणांनी दाखविले. असे नियम पुष्कळदा लिहिलेले नसतात. ते बोलण्यात सापडतात, आणि ज्याने ‘पडीक’ हा शब्द आधीच लिहून नेला आहे त्यास ते सापडत नाहीत.

म्हणून विनंती एवढीच, की प्रश्नावली इंग्रजीत रचून मागाहून तिचे भाषांतर करण्याची प्रथा सोडावी. प्रथम तलाठ्याचे दप्तर पाहावे, नंतर त्याच गावात काही दिवस नुसते ऐकावे, आणि एकाच वस्तूस दप्तरात व चावडीवर कोणकोणती नावे आहेत त्यांची शेजारीशेजारी नोंद करावी. जेथे नावे जुळत नाहीत, तेथे प्रबंधाचा प्रश्न बहुधा असतो. ही वही पहिल्या सहामाहीच्या अहवालासोबत दाखविल्यास मार्गदर्शकांसही तिचा उपयोग होईल.