भिंतीवरचें चित्र आणि छापील चित्र : गुंतवणुकीचा विचार



चित्र हें मुळांत डोळ्यांनीं पाहावयाचें. परंतु तें सोन्याप्रमाणें जपून पुढें विकावें, असा विचार आतां सुशिक्षित घरांतही शिरूं लागला आहे. त्यांत दोन नांवें विशेष ऐकूं येतात. एक रस्त्यावरील भिंतींची कला, म्हणजे स्ट्रीट आर्ट. आणि दुसरी पॉप आर्ट. या दोहोंतून संग्राहकाच्या पदरांत काय पडतें, तें पाहूं.

पॉप आर्ट हें नांव १९५० नंतर रूढ झालें. पण छापील चित्र घरोघर पोंचविण्याची कल्पना आपल्याकडे त्याहून जुनी आहे. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत छापखाना काढला. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. आपल्या त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनींही त्याचें काम कांहीं काळ केलें. तेथल्या लक्ष्मी-सरस्वती असंख्य देवघरांत गेल्या. मूळ चित्र एकच असतें, छाप मात्र अनेक. म्हणून छापाचें मोल तीन गोष्टींवर ठरतें : प्रती किती उरल्या, त्या कोणत्या छापखान्याच्या, आणि कागद-रंगांची स्थिति कशी. अमेरिकेंतील अँडी वॉरहॉल यानें १९६७ सालीं मेरिलिन मन्रोच्या चित्रांचा संच काढला, तेव्हां २५० प्रतींची मर्यादा घालून त्यांवर सही व क्रमांक दिले. मर्यादा आणि पुरावा, हेंच तेथें भांडवल.

भिंतीचें तसें नाहीं. २०१७ सालीं मुंबईच्या ससून गोदींत चित्रकारांनीं भिंती रंगविल्या. त्या कोणीही पाहाव्या. पण विकत कशा घ्याव्या? भिंत मालकाची आणि पाऊस सर्वांचा! बँक्सी या इंग्रज चित्रकाराचें एक चित्र २०१८ सालीं लंडनच्या लिलावांत सुमारें १० लक्ष पौंडांस गेलें, आणि त्याच क्षणीं चौकटींतील यंत्रानें तें अर्धें चिरलें. तेंच २०२१ सालीं सुमारें १ कोटि ८६ लक्ष पौंडांस विकलें गेलें. परंतु तें कॅनव्हासवरचें होतें, भिंतीवरचें नव्हे.

शिवाय बातमींत चढलेला भाव दिसतो. गिऱ्हाइकाविना पडून राहिलेलीं चित्रें दिसत नाहींत. चित्र व्याज देत नाहीं, आणि अडचणीच्या दिवशीं लगेच विकलेंही जात नाहीं. म्हणून मुलांच्या शिक्षणाचा वा म्हातारपणाचा पैसा त्यांत घालूं नये.

मात्र जुना वाडा पाडतांना माळ्यावरची तसबीर भंगारवाल्यास देण्यापूर्वीं एकदां खालची कड पाहावी. तेथें छापखान्याचें नांव असेल, तर कड कापूं नये, वरून रंग देऊं नये, उन्हांत टांगूं नये. भाव येवो न येवो, आजोबांनीं हात जोडलेलें चित्र नातवास पाहावयास तरी मिळेल.