ड्रायव्हरचा दांडा आणि लांब पल्ल्याचं गणित

अमेरिकेत येऊन दहा-पंधरा वर्षं झाली, घराचे हप्ते मार्गी लागले, की आपल्यातले बरेच जण गोल्फकडे वळतात. कुणाला ऑफिसातले सहकारी ओढून नेतात, कुणाला डॉक्टर चालायला सांगतात. वर्ष-दोन वर्षं मजेत जातात. मग एक प्रश्न छळू लागतो : शेजारचा गृहस्थ २४० यार्ड मारतो, माझा चेंडू २०० लाच का बसतो? दुकानात उत्तर तयार असतं : "शाफ्ट बदला!" चांगल्या शाफ्टला सहज काहीशे डॉलर पडतात. तेव्हा पाकिटात हात घालण्याआधी हा दांडा नेमकं काय करतो ते पाहू या. मी गोल्फचा शिक्षक नव्हे. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, डॉक्टरेट मात्र इंजिनिअरिंगची. त्यामुळे वाकणाऱ्या दांड्यांबद्दल कुतूहल आहे, एवढंच.

ड्रायव्हर म्हणजे लांबचा पहिला फटका मारायचा क्लब. त्याचं डोकं सुमारे २०० ग्रॅमचं. चेंडू नियमानुसार जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा. दोघांची गाठ पडते ती जेमतेम अर्धा मिलिसेकंद. पुष्कळांची अशी समजूत असते की दांडा धनुष्यासारखा ताणला जातो आणि सुटताना चेंडूला ढकलतो. अॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्ज यांच्या १९६८ सालच्या पुस्तकात यावर एक झकास प्रयोग आहे. क्लबच्या डोक्याच्या जरा वर चक्क बिजागरी बसवली. म्हणजे आघाताच्या क्षणी दांड्याचा डोक्याला काही आधारच नाही! तरी चेंडू जवळजवळ तेवढाच लांब गेला. थोडक्यात, चेंडूला पळवतो तो डोक्याचा वेग. त्या अर्ध्या मिलिसेकंदात दांड्याची मदत फारशी नसते.

मग दांड्याचं काम काय? डोकं चेंडूपर्यंत कसं पोचवायचं, हे. क्लब खाली आणायला आपल्याला साधारण पाव सेकंद लागतो. सुरुवातीला डोकं मागे रेंगाळतं आणि दांडा मागे वाकतो. पण डोक्याचा गुरुत्वमध्य दांड्याच्या रेषेत नसतो, जरा मागे असतो. वेग वाढला की तो रेषेत यायला बघतो, आणि आघाताच्या वेळी दांडा पुढच्या बाजूला वाकलेला असतो. त्यामुळे क्लबचा चेहरा थोडा वर बघू लागतो आणि थोडा मिटतो. हे किती होणार, ते दांड्याच्या ताठपणावर आणि तुमच्या लयीवर ठरतं.

आता हिशेब करू. समजा, तुमच्या क्लबचा वेग ताशी ९५ मैल आहे. चेंडू चेहऱ्याच्या मध्यावर लागला तर तो क्लबच्या १.४८ पट वेगानं, म्हणजे सुमारे १४० मैलांनी सुटतो. जरा कडेला लागला आणि ही पट १.४० वर आली, तर १३३. चेंडूच्या दर मैलामागे सुमारे दोन यार्ड धरले, तर तोटा पंधरा यार्डांचा! उलट, दांडा एक इंच लांब घेतला तर क्लबचा वेग मैलभर वाढेल, म्हणजे फायदा दोन-तीन यार्ड. आणि तेवढ्यासाठी मध्य साधणं अवघड होऊन बसतं. १९९७ साली टायगर वुड्सनं मास्टर्स स्पर्धा १२ फटक्यांच्या फरकानं जिंकली, तेव्हा त्याच्या ड्रायव्हरला ४३.५ इंची पोलादी दांडा होता. आज दुकानात मिळणारे ड्रायव्हर बहुधा ४५ ते ४६ इंचांचे असतात. तेव्हा लांबीला भुलू नये.

निवड करताना आधी वजन बघावं. ग्रॅफाइटचे दांडे साधारण ४५ ते ७५ ग्रॅमचे असतात. हलक्यानं वेग थोडा वाढतो. पण फारच हलका असेल तर डोकं कुठे आहे ते हाताला कळत नाही आणि लय बिघडते. सचिन तेंडुलकरची जड बॅट आपल्या हाती दिली म्हणून आपण काही सचिन होत नाही, इथेही तसंच.

मग ताठपणा. ढोबळमानानं ताशी ७५ ते ८५ मैलांना 'ए' (म्हणजे सीनिअर), ८५ ते ९५ ला 'आर', ९५ ते १०५ ला 'एस', त्यावर 'एक्स'. आणि ७५ च्या खाली 'एल'. पण गंमत अशी, की या अक्षरांना कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचा 'आर' दुसऱ्या कंपनीच्या 'एस'इतका ताठ निघू शकतो. आणि 'सीनिअर' हा शब्द दांड्यावर वाचला की पन्नाशीतल्या माणसाचा हात मागे येतो! नको इतका ताठ दांडा हाती आला की बहुधा चेंडू खालून आणि उजवीकडे जातो, आणि आपण आणखी जोर लावत बसतो.

याचा जास्त फटका घरच्यांना बसतो. नवऱ्यानं नवा ड्रायव्हर घेतला की जुना, 'एस' लिहिलेला, बायकोच्या नाहीतर मुलीच्या बॅगेत जातो. चांगली वस्तू टाकायची कशी, हा आपला मराठी संस्कार! चेंडू काही उठत नाही, आणि महिन्याभरात ती म्हणते, "हा खेळ माझा नव्हे." खरं तर दोष तिचा नसतो, दांड्याचा असतो. कुटुंबानं एकत्र खेळावं असं वाटत असेल, तर नव्या दांड्याचा पहिला खर्च तिच्यासाठी करावा.

परीक्षा मात्र स्वतः घ्यावी. वेग मोजायचं यंत्र असलेल्या दुकानात जावं. हल्लीच्या बऱ्याच ड्रायव्हरचा दांडा एका स्क्रूवर निघतो, त्यामुळे एकाच डोक्यावर तीन-चार दांडे बसवून पाहता येतात. दांड्यांवरच्या अक्षरांवर कागदी पट्टी चिकटवायला सांगावं. क्लबच्या चेहऱ्यावर पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे उडवावा. चेंडू कुठे लागला त्याचा ठसा उमटतो. प्रत्येक दांड्यानं दहा-दहा चेंडू मारावेत, अधेमधे विश्रांती घ्यावी. सर्वांत लांब गेलेला चेंडू विसरावा. दहांची सरासरी आणि डावी-उजवीकडची पांगापांग बघावी, आणि ठसे मध्याजवळ गोळा झालेत का ते पाहावं. असा दांडा सापडला तर मग पट्टी काढून अक्षर वाचावं. 'ए' निघालं तरी खुशाल घ्यावा.

आणि चारही दांड्यांचे आकडे सारखेच आले तर? तर आपला जुनाच ठेवावा आणि त्या पैशांत एखाद्या चांगल्या शिक्षकाचे चार धडे घ्यावेत.