आंतरराज्य पाण्याचा व्यवहार : देखरेख कोणाची?

अहमदपूर शहराची तहान भागविणारे लिंबोटीचे धरण लातूर जिल्ह्यात नाही. ते शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात आहे. ज्या मन्याड नदीवर ते उभे आहे, ती पुढे मांजरेस मिळते, मांजरा गोदावरीस मिळते आणि गोदावरी तेलंगणात प्रवेश करते. नळाला पाणी कधी येणार, एवढाच प्रश्न उन्हाळ्यात सामान्य नागरिकाला पडतो आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु त्या पाण्याचा हिशेब सीमेपलीकडेही मांडला जात असतो, याची जाणीव फार थोड्यांना असते.

या हिशेबाचा पाया १९७५ साली घातला गेला. त्या वर्षी ६ ऑक्टोबर रोजी महाराष्ट्र व आंध्र प्रदेश यांच्यात करार झाला आणि गोदावरी पाणीतंटा लवादाने १९८० च्या अंतिम निवाड्यात तो समाविष्ट केला. पैठणपर्यंतचे गोदावरीचे आणि सिद्धेश्वरपर्यंतचे पूर्णेचे पाणी महाराष्ट्राने वापरावे. त्यांच्या खाली, तसेच मांजरेवर निझामसागरच्या खाली, पोचमपाडपर्यंत नव्या प्रकल्पांसाठी महाराष्ट्राने ६० टीएमसी, म्हणजे ६० अब्ज घनफुटांहून अधिक पाणी वापरू नये, अशी ही विभागणी आहे. मन्याडचे खोरे याच खालच्या पट्ट्यात मोडते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही वाटणी वापराची आहे, मालकीची नव्हे. राज्यघटनेने पाणी हा विषय राज्यसूचीतील १७ व्या नोंदीत ठेवला. परंतु आंतरराज्य नद्यांचे नियमन व विकास यांचा अधिकार केंद्रसूचीतील ५६ व्या नोंदीने संसदेकडे राखला. आपल्या वाट्याचे पाणी मोबदला घेऊन शेजारच्या राज्यास द्यावयाचे झाल्यास त्यावर लक्ष कोणी ठेवावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. कृष्णा खोऱ्यात उत्तर कर्नाटकातील गावे टंचाईने होरपळू लागली, की कोयना व वारणा धरणांतून पाणी सोडण्याची मागणी येते. पूर्वी काही उन्हाळ्यांत कर्नाटकाने मोबदला देऊन असे पाणी घेतले. २०१९ मध्ये मात्र महाराष्ट्राने पैशांऐवजी पाण्याच्या बदल्यात पाण्याचा आग्रह धरला. आपण कोयनेतून द्यावे आणि कर्नाटकाने आपल्या योजनेतून जत तालुक्याच्या दुष्काळी गावांना द्यावे, असा तो प्रस्ताव होता. असे व्यवहार दोन सरकारांच्या पत्रव्यवहारातून ठरतात; त्यांवर नजर ठेवणारी कायम स्वरूपाची त्रयस्थ यंत्रणा नाही.

याच्या अगदी उलट चित्र नांदेड जिल्ह्यात दिसते. धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २८ फेब्रुवारी २०१३ रोजी त्याचा निकाल लागला. बंधाऱ्याची साठवण २.७४ टीएमसीपुरती मर्यादित राहिली. १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात दरवाजे उघडे ठेवावयाचे आणि १ मार्च रोजी ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावयाचे, असे बंधन आले. अंमलबजावणीवर देखरेखीसाठी केंद्रीय जल आयोगाचा एक व दोन्ही राज्यांचा प्रत्येकी एक, अशी त्रिसदस्य समिती नेमली गेली. पावसाळाभर पाणी डोळ्यांदेखत वाहून जाते, ही तेथील शेतकऱ्याची व्यथा खोटी नाही. तथापि तारीख, परिमाण आणि साक्षीदार या तिन्ही गोष्टी निश्चित असल्याने संशयाला जागा उरत नाही.

गोदावरीवर देखरेख आहे, पण व्यवहार नाही. कृष्णेवर व्यवहार झाला, पण देखरेख नाही. ही विसंगती दूर झाली पाहिजे.

पाण्याची विक्री म्हणजेच पाप, असे मानण्याचे कारण नाही. ज्याला निकड आहे त्याला पाणी मिळावे आणि देणाऱ्याची झीज भरून निघावी, यात गैर काहीच नाही. परंतु साध्या बाजारात विकणारा व घेणारा असे दोनच पक्ष असतात. नदीच्या व्यवहारात तिसराही असतो. कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी, नदीकाठच्या गावाची नळयोजना, वीजनिर्मिती यांना सौद्यात स्वाक्षरीचा अधिकार नसतो. नुकसान मात्र त्यांच्या वाट्याला येऊ शकते. मोबदला राज्याच्या तिजोरीत जातो आणि तुटवडा लाभक्षेत्रात पडतो. म्हणूनच येथे शासकीय देखरेख आवश्यक ठरते.

ऑस्ट्रेलियातील मरे-डार्लिंग खोऱ्याचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. तेथे पाण्याचे हक्क राज्यांच्या सीमा ओलांडून विकले जातात. परंतु नियम विस्कळीत, दलालांवर पुरेसा अंकुश नाही आणि माहिती अपुरी, असा निष्कर्ष तेथील स्पर्धा आयोगाने २०२१ च्या अहवालात काढला. त्यानंतर २०२३ मध्ये कायद्यात सुधारणा करण्यात आली. बाजार आधी व देखरेख नंतर, या क्रमाची किंमत त्यांनी मोजली. आपण ती मोजण्याचे कारण नाही.

आपल्याकडे साधने नाहीत असे नव्हे. नदी मंडळ कायदा १९५६ सालीच झाला. पण त्याखाली एकही मंडळ स्थापन झाले नाही. महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले. ते राज्यातील ठोक पाण्याचे दर ठरविते आणि त्यापूर्वी जनतेची मते मागविते. मग सीमेपलीकडे पाणी देण्यापूर्वी अशीच जाहीर सुनावणी का असू नये? किती पाणी, कोणत्या तारखांना, कोणत्या दराने, हे आधी प्रसिद्ध व्हावे. सीमेवरील मोजणी बाभळीप्रमाणे त्रयस्थाच्या उपस्थितीत व्हावी. देणाऱ्या खोऱ्यातील पिण्याच्या पाण्याची तरतूद प्रथम राखली जावी. आणि आलेला पैसा त्याच खोऱ्यातील कालव्यांच्या दुरुस्तीवर खर्च व्हावा.

मराठवाड्याला टंचाई नवी नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. वाघिणींतून आलेल्या त्या पाण्याची मोजदाद लिटरपर्यंत झाली. नदीपात्रातून सीमेपलीकडे जाणाऱ्या कोट्यवधी घनफूट पाण्याच्या व्यवहाराचा हिशेबही तितक्याच उघडपणे नागरिकांसमोर मांडला जावा, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.