फोरीसाँ प्रकरण

नाझींनी दुसऱ्या महायुद्धकाळात केलेल्या ज्यूंच्या संहाराचा इन्कार करणाऱ्या लेखनावरून फ्रान्समध्ये १९७८ पासून उद्‌भवलेला वाद. भाषणस्वातंत्र्य व विद्यापीठीय स्वातंत्र्य यांच्या मर्यादांच्या चर्चेत त्याला विशेष महत्त्व आहे.

रॉबेअर फोरीसाँ (१९२९–२०१८) हा लीआँ येथील विद्यापीठात फ्रेंच साहित्याचा अध्यापक होता. नाझी छावण्यांत विषारी वायूच्या कोठड्या नव्हत्याच, असे प्रतिपादन करणारे त्याचे लेखन डिसेंबर १९७८ मध्ये ‘ल माँद’ या पॅरिसच्या दैनिकाने छापले. वस्तुतः सु. ६० लाख ज्यूंची हत्या नाझी शासनाची कागदपत्रे, छावण्यांवरील अधिकाऱ्यांचे कबुलीजबाब, वाचलेल्यांच्या साक्षी व छावण्यांचे अवशेष या परस्परनिरपेक्ष पुराव्यांनी सिद्ध झालेली आहे. एकट्या ऑशविट्झ येथे सु. ११ लाख लोक मारले गेले. त्यांतील बहुसंख्य ज्यू होते. फेब्रुवारी १९७९ मध्ये ३४ फ्रेंच इतिहासकारांनी त्याच दैनिकात संयुक्त निवेदन प्रसिद्ध करून या संहाराची सत्यता निःसंदिग्धपणे मांडली.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की याने फोरीसाँच्या भाषणस्वातंत्र्यासाठीच्या विनंतिपत्रावर सही केली. निंद्य मतालाही उच्चारस्वातंत्र्य असले पाहिजे, अशी त्याची भूमिका होती. त्याचा या विषयावरील लेख १९८० मध्ये फोरीसाँच्या पुस्तकात प्रस्तावना म्हणून छापला गेला. विनंतिपत्रात फोरीसाँच्या लेखनाला संशोधनाचा दर्जा दिला गेला, असा आक्षेप इतिहासकार प्येर व्हिदाल-नाके (१९३०–२००६) याने घेतला. त्याचे आईवडील ऑशविट्झला पाठविले गेले होते व तेथून ते परतले नाहीत. इन्कार करणाऱ्यांशी समपातळीवर वाद घालू नये. मात्र त्यांच्या लेखनपद्धतीतील लबाडी उघड करावी, असे त्याचे मत होते.

१९९० च्या गेसो कायद्याने अशा प्रकारचा इन्कार हा फ्रान्समध्ये गुन्हा ठरला. १९९१ मध्ये फोरीसाँला या कायद्याखाली शिक्षा झाली. विद्यापीठातील अध्यासनही त्याने गमावले. या शिक्षेमुळे भाषणस्वातंत्र्याचा भंग झालेला नाही, असा निर्णय संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९९६ मध्ये दिला. व्हिदाल-नाकेचा मात्र या कायद्याला विरोध होता. ऐतिहासिक सत्य ठरविणे हे संसदेचे वा न्यायालयाचे कार्य नव्हे, असे प्रतिपादणाऱ्या इतिहासकारांच्या २००५ च्या आवाहनावरही त्याची सही होती.

या वादातून दोन स्वातंत्र्यांमधील भेद स्पष्ट होतो. भाषणस्वातंत्र्य हा नागरिकाचा हक्क असून तो मताच्या सत्यतेवर अवलंबून नसतो. त्यावर घालावयाच्या मर्यादांविषयी लोकशाही देशांतही एकमत नाही. विद्यापीठीय स्वातंत्र्य मात्र सत्यशोधनासाठी दिलेले असते व पुराव्याशी प्रामाणिक राहण्याचे बंधन त्यातच अंतर्भूत असते. पुराव्याचा विपर्यास करणारा अध्यापक नागरिक म्हणून बोलण्याचा हक्क सांगू शकेल. पण आपल्या प्रतिपादनाला संशोधनाची प्रतिष्ठा मागण्याचा अधिकार त्याला उरत नाही.