शस्त्रक्रियेनंतरची सूज आणि लसीका निचऱ्याचा मसाज

आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेत ‘लिम्फॅटिक ड्रेनेज मसाज’ असा छापलाय. नाव परकं वाटेल, पण प्रश्न आपल्या घरातलाच आहे. ऑपरेशन झालं, टाके निघाले, जखम भरली, तरी हात किंवा पाय सुजलेलाच. मग कुणीतरी सांगतं, मालीश करून घ्या, उतरेल. हल्ली या मसाजची पॅकेजंही मिळतात, दहा बैठकांची, वीस बैठकांची. तर हा मसाज नेमकं काय करतो, काय करत नाही आणि कोणी तो अजिबात करून घेऊ नये, एवढं आज पाहू. उदाहरण म्हणून स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया घेणार आहे, कारण या मसाजचा खूपसा अभ्यास तिथेच झालेला आहे.

आधी लसीका म्हणजे काय ते समजून घेऊ. हृदय रक्त पुढे ढकलतं. अगदी बारीक केशवाहिन्यांतून थोडं पाणी आणि थोडी प्रथिनं बाहेर, पेशींच्या मधल्या जागेत झिरपतात. हे जादा पाणी परत रक्तात न्यावं लागतं. ते काम लसीकावाहिन्यांचं. त्यांतून वाहणारा द्रव म्हणजे लसीका, डॉक्टर ज्याला लिम्फ म्हणतात. दिवसाला साधारण दोन ते चार लिटर लसीका अशी गोळा होऊन गळ्याच्या हाडामागच्या मोठ्या शिरांमध्ये परत जाते.

सांगली-कोल्हापूरकडच्या मंडळींना हे लगेच कळेल. उसाला पाटाचं पाणी भरपूर दिलं आणि निचरा झाला नाही, तर जमीन आधी पाणथळ होते आणि मग क्षारपड. पाणी आटतं, क्षार मागे राहतात आणि जमीन कडक होते. शरीरातही तसंच. निचरा अडला की पाणी साचतं, त्याबरोबर प्रथिनंही साचतात, आणि ती तशीच राहिली तर तिथली त्वचा आणि त्याखालचा भाग हळूहळू जाड, कडक होत जातो. सुरुवातीला बोटाने दाबलं की खळगा पडतो. पुढे पुढे खळगाही पडत नाही. या अवस्थेला लिम्फेडिमा म्हणतात. विदर्भात हत्तीरोगाने सुजलेले पाय अनेकांनी पाहिले असतील. तिथे निचरा जंतांमुळे बिघडतो, इथे शस्त्रक्रियेमुळे. परिणाम एकाच जातीचा.

आता शस्त्रक्रियेकडे येऊ. हाताची बहुतेक लसीका काखेतल्या गाठींमधून, म्हणजे लिम्फ नोडमधून जाते. कर्करोग तिथवर पोचलाय का हे पाहायला किंवा पोचलेला काढायला सर्जन त्या गाठी काढतात. काही वेळा वरून रेडिएशनही द्यावं लागतं. म्हणजे चर बुजले. सगळ्यांना सूज येत नाही, बरं का. २०१३ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात काखेतल्या गाठी पूर्ण काढलेल्या सुमारे पाचातल्या एकीला हाताची सूज आली होती. जिथे फक्त पहिली एक-दोन गाठ काढून तपासली होती, तिथे शंभरात पाच-सहा जणींनाच. ही सूज लगेच येते असंही नाही. काही महिन्यांनी, कधी दोन-तीन वर्षांनीही येऊ शकते. ऑपरेशननंतर पहिल्या काही आठवड्यांत असते ती सूज वेगळी. ती जखम भरण्याचा भाग असते आणि बहुधा आपोआप ओसरते.

मग मसाज. आपल्याकडे मालीश म्हटलं की तेल आलं, जोर आला, रगडणं आलं. हा मसाज नेमका उलटा आहे. लसीकेच्या सर्वांत बारीक वाहिन्या त्वचेच्या अगदी लगत असतात. त्यांची टोकं बारीक धाग्यांनी आजूबाजूला बांधलेली असतात. त्वचा हलकेच ताणली की धागे ओढले जातात, टोकं उघडतात आणि द्रव आत शिरतो. जोराने दाबलं तर त्या दबून मिटतात. म्हणून हात त्वचेवरून घसरता कामा नये, त्वचा हाताबरोबर सरकली पाहिजे. घसरू नये म्हणूनच सहसा तेल लावत नाहीत. करून घेणारीला पहिल्यांदा वाटतं, हे काय, नुसतं गोंजारतायत! पण दाब एवढाच हवा.

दुसरी गोष्ट, क्रम. हात सुजलाय म्हणून हातापासून सुरू करत नाहीत. आधी मान, मग दुसऱ्या बाजूची काख, मग छाती आणि पाठ, मग दंड आणि शेवटी मनगट-बोटं. कारण साधं आहे. पुढचा चर मोकळा नसेल तर मागचं पाणी ढकलून जाणार कुठे? ऑपरेशन झालेल्या काखेकडे वाट कमी आहे, म्हणून द्रव दुसऱ्या काखेकडे आणि त्याच बाजूच्या जांघेकडे वळवायचा प्रयत्न असतो.

ही पद्धत नवी नाही. ऑस्ट्रियन सर्जन अलेक्झांडर फॉन विनिवार्टर यांनी १८९२ मध्येच अशा सुजेसाठी हलका मसाज आणि पट्ट्या बांधणं सांगितलं होतं. १९३० च्या दशकात एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश जोडप्याने हाताच्या विशिष्ट हालचाली बसवल्या आणि १९३६ मध्ये पॅरिसमध्ये त्या लोकांपुढे मांडल्या. पुढे जर्मनीत मिखाएल फोल्डी यांनी त्याला पूर्ण उपचाराचं रूप दिलं. त्यात चार गोष्टी एकत्र येतात: त्वचेची निगा, हा मसाज, दाबाची पट्टी आणि व्यायाम. आजही जगभर हीच चौकट वापरतात. सुरुवातीचे काही आठवडे जवळजवळ रोज उपचार, नंतर दिवसा दाबाची बाही घालणं आणि घरी व्यायाम.

आता मुख्य प्रश्न. या चारांत मसाजचा वाटा किती? २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या पट्टीने सूज सुमारे ३० ते ३९ टक्के उतरली होती. पट्टीला मसाज जोडला तेव्हा आणखी साधारण ७ टक्के. हा फायदा मुख्यतः सौम्य ते मध्यम सूज असलेल्यांना झाला. मसाज सुरक्षित ठरला, हेही महत्त्वाचं. म्हणजे मसाज उपयोगी आहे, पण मोठा भार पट्टी उचलते. मसाज केला आणि पट्टी बांधली नाही, तर दुपारपर्यंत पाणी पुन्हा भरतं.

सूज येऊच नये म्हणून आधीपासून मसाज केला तर? इथे दोन अभ्यास शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. दोन्ही ब्रिटिश मेडिकल जर्नलमधले. २०१० मध्ये स्पेनमधल्या १२० स्त्रियांचा अभ्यास आला. एका गटाला लवकर फिजिओथेरपी दिली. त्यात हा मसाज होता, व्रणाचा मसाज होता आणि हळूहळू वाढवत नेलेले खांद्याचे व्यायाम होते. दुसऱ्या गटाला फक्त माहिती दिली. वर्षभरानंतर पहिल्या गटात ७ टक्के स्त्रियांना सूज आली, दुसऱ्यात २५ टक्के. ऐकून वाटेल, वा, मसाजने काम केलं! पण २०११ मध्ये बेल्जियममधल्या १६० स्त्रियांचा अभ्यास आला. तिथे सल्ला आणि व्यायाम दोन्ही गटांना दिला, मसाज एकाच गटाला. वर्षाअखेर मसाजवाल्या गटात २४ टक्के, बिनमसाजच्या गटात १९ टक्के. मसाजने काही वाचवलं असं दिसलं नाही. दोन्ही मिळून माझा अर्थ असा, की सूज टाळण्यात मोठा हात बहुधा व्यायामाचा आणि लवकर लक्ष देण्याचा आहे. लसीकेला हृदयासारखा पंप नाही. वाहिन्या स्वतः थोड्या आकुंचन पावतात, बाकी काम आजूबाजूचे स्नायू आणि श्वास करतात. हात हलला की निचरा होतो.

गुडघ्याच्या सांधेरोपणानंतरही हा मसाज देतात. काही अभ्यासांत गुडघा थोडा लवकर वाकू लागला, काहींत सुजेत फरक दिसला नाही. चरबी काढण्याच्या ऑपरेशननंतर काही ठिकाणी टाक्यांच्या छिद्रांतून पाणी दाबून काढतात. तो हा मसाज नव्हे. त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. पाणी साचलं असेल तर ते काढायचं काम सर्जनचं.

कोणी करून घेऊ नये, हे नीट ऐका. ऑपरेशननंतर एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्यावर हात फिरवायचा नाही, थेट दवाखाना गाठायचा. दम लागत असेल तर मिनिटाचाही उशीर नको. सुजलेला भाग लाल झाला, ताप आला, तर जंतुसंसर्ग आहे. मसाज बंद, त्याच दिवशी डॉक्टर. हृदय कमकुवत असून त्यावर उपचार चालू नसतील तरीही नको. आणि कर्करोगाचे उपचार चालू असताना कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

घरी काय करायचं? दोन्ही हातांची मापं टेपने ठरलेल्या जागी घ्या, महिन्यातून एकदा, आणि वहीत लिहा. दोन सेंटिमीटरचा फरक पडला तर दाखवायला जा. त्याआधीही बांगडी एकाच हातात घट्ट होते, ब्लाउजची एकच बाही रुतते, हात जड वाटतो, या खुणा असतात. बायका त्या महिनोन्‌महिने अंगावर काढतात. लवकर आलेली सूज उतरते, कडक झालेली फार कमी उतरते. हाताला चीर, भाजणं, काटा लागू देऊ नका. लागलंच तर लगेच धुऊन औषध लावा.

श्रोत्यांमधून प्रश्न: आमच्याकडे मालीशवाल्या मावशी येतात. त्यांच्याकडून केलं तर चालेल का?

उत्तर: सुजलेल्या हाताला नको. मावशींचा हात चांगलाच असेल, पण त्यांची विद्या स्नायूंची आहे. शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडून करून घ्या आणि त्यांच्याकडून स्वतः करायची सोपी पद्धत शिकून घ्या. घरातल्या एकाला बरोबर न्या, म्हणजे पाठीकडचा भाग त्यांना जमेल.

प्रश्न: डॉक्टर, सासूबाईंना सगळे सांगतात, त्या हाताने कळशीसुद्धा उचलायची नाही. हे खरं का?

उत्तर: वर्षानुवर्षं हेच सांगितलं गेलं. २००९ मध्ये अमेरिकेत सूज असलेल्या १४१ स्त्रियांचा अभ्यास झाला. देखरेखीखाली, अगदी हलक्यापासून सुरू करून वजनं उचलणाऱ्यांची सूज वाढली नाही, उलट त्रास कमी झाला. तेव्हा पहिल्याच दिवशी भरलेली कळशी नको, पण हात कायमचा झोळीत ठेवणंही नको. हळूहळू वाढवत न्या, तज्ज्ञांना विचारून.

शेवटी एवढंच. पॅकेजचे पैसे भरण्याआधी समोरच्याला तीन गोष्टी विचारा. मसाजनंतर पट्टी बांधणार का? व्यायाम शिकवणार का? दोन्ही हातांची मापं घेऊन लिहून ठेवणार का? तिन्हींना हो असेल तर जरूर जा. नुसताच मसाज देणार असतील तर तेच पैसे चांगल्या मापाच्या बाहीवर खर्च करा.