जुन्या लाँचला मागचे इंजिन

पदार्थविज्ञानाच्या तासाला ‘आघूर्ण’ हा शब्द फळ्यावर लिहिला की मागच्या बाकांवर जांभया सुरू होतात. मी स्वतः तो शब्द कितीतरी वर्षे शिकवला. पण त्याचा अर्थ मला समजला तो हुसेनसागरावर, एका पावसाळी दुपारी, लाकडाची फळी डोळ्यांदेखत कडाडली तेव्हा.

मुलांना शिडाच्या होड्या शिकवणाऱ्या एका मंडळाकडे सोळा फुटी जुनी लाकडी लाँच होती. वाऱ्याने एखादी होडी उलटली तर मुलाला उचलून आणायचे, हे तिचे काम. तिच्या पोटातले डिझेल इंजिन थकले होते आणि त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले होते. कोणीतरी पंधरा अश्वशक्तीचे आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या पाठीवर बाहेरून अडकवायचे इंजिन, देणगी दिले. जुने काढा, नवे लावा, इतके सोपे काम! प्राध्यापक म्हणून सल्ला माझा आणि हात मुशीराबादच्या एका उस्तादांचे. उस्तादांनी मागच्या फळीवर बोटे वाजवून पाहिली आणि म्हणाले, “ये पटिया नक्को साब.” मी हसण्यावारी नेले.

असे इंजिन काही नवलाचे नाही. मूळच्या नॉर्वेच्या, पण अमेरिकेत स्थायिक झालेल्या ओल एव्हिनरूडने १९०९ सालीच ते बाजारात चालेल असे करून दाखवले. परंतु आतल्या आणि बाहेरच्या इंजिनांत फरक केवळ जागेचा नाही. इंजिन पोटात असते तेव्हा पंख्याचा रेटा दांड्यावाटे पुढे येतो आणि तळाच्या जाड लाकडी ओंडक्यांवर पडतो. मागची फळी तेव्हा केवळ पाणी आत येऊ न देण्यापुरती असते. बाहेरचे इंजिन लावले की सगळा भार त्या बिचाऱ्या फळीवर!

हिशेब करून पाहा. एका अश्वशक्तीला ढोबळमानाने दहा किलो धरले, तर पंधरा अश्वशक्तीचा रेटा होतो १५० किलो. पंखा फळीच्या वरच्या काठापासून सुमारे ६० सेंटिमीटर खाली. इंजिनाची पकड वरच्या काठाला, आणि तिचे खालचे टोक ३० सेंटिमीटर खाली फळीला टेकलेले. वरच्या काठाभोवती आघूर्ण मांडले तर १५० गुणिले ६० भागिले ३०, म्हणजे खालच्या टोकाशी फळी ३०० किलोने पुढे ढकलली जाते, आणि त्याच वेळी वरचा काठ १५० किलोने मागे ओढला जातो. एकाच फळीला दोन विरुद्ध दिशांनी पिळणे म्हणतात ते हे. पाऊण इंचाची, चाळीस पावसाळे पाहिलेली फळी हे कसे सोसणार?

हा हिशेब मी आधी केला नाही, याची लाज वाटते. पहिल्याच आठवड्यात जोराचा झोत आला, एक होडी उलटली, बारा-तेरा वर्षांचा मुलगा पाण्यात. आम्ही इंजिन पूर्ण सोडले. प्रथम ते नुसते किंचाळले, लाँच जागची हलेना. मग पंख्याने पाणी पकडले आणि फळी उभी चिरली. मुलाच्या अंगात तरंगजाकीट होते म्हणून निभावले. वल्ही मारीत त्याच्यापर्यंत पोहोचायला जो वेळ लागला, तो मी कधी विसरणार नाही.

किंचाळण्याचे कारण वेगळे होते, आणि तेही शिकण्यासारखे आहे. या इंजिनांचे पाय ठरावीक लांबीचे येतात: आखूड पंधरा इंची, लांब वीस इंची. पंख्याच्या वर एक आडवी पत्ती असते. ती होडीच्या तळाच्या पातळीत किंवा इंचभर खाली यावी असा नियम. आम्ही माप बरोबर घेतले होते. पण लाँचच्या तळाखाली चार इंच जाड लाकडी कणा शेवटपर्यंत गेला होता आणि त्यात जुन्या पंख्याची खाच तशीच उघडी होती, हे ध्यानात घेतले नाही. कण्यामागचे पाणी फाटलेले, फेसाळ असते. पंख्याला त्यातून हवा मिळते, आणि हवेत फिरणारा पंखा रेटा देत नाही. पुढे उस्तादांनी खाच लाकडाने भरली, कण्याचे शेपूट रंध्याने निमुळते केले आणि इंजिन दोन इंच खाली बसवले. फळीला आतून जाड सागवानी पाट जोडला आणि तिथून तळाच्या ओंडक्यांपर्यंत दोन कोपरे मारले. रेटा पुन्हा आपल्या जुन्या जागी पोहोचला.

मग वजनाचे. डिझेल इंजिन, दांडा वगैरे मिळून दोनशे किलो मधोमध आणि अगदी तळाशी होते. ते गेले आणि पन्नास किलो मध्यापासून दोन मीटर मागे, उंचावर आले. लाँच मागे बसू लागली, शिवाय डोलूही लागली. कारण तळाचे वजन हे तिचे स्थैर्य होते. पंचवीस किलोची बॅटरी आणि तितक्याच वाळूच्या पिशव्या मध्याच्या दोन मीटर पुढे, तळाशी ठेवल्या तेव्हा तराजू जमला. (चालवणारा मागे जाऊन बसला की पुन्हा बिघडतो, म्हणून मुठीला लांब दांडा जोडला.) याच तलावात १९९० साली बुद्धमूर्ती नेणारा तराफा कलंडून माणसे दगावली आणि मूर्ती १९९२ साली वर निघाली, हे हैदराबादकरांना सांगायला नको. पाण्यावर वजन किती याइतकेच ते कुठे, हेही विचारावे लागते.

वेगाचा मोह मात्र धरू नये. अशी जड लाँच स्वतःच्याच लाटेत अडकते. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले की वेगाची मर्यादा नॉटमध्ये मिळते. सोळा फुटांना सुमारे साडेपाच नॉट, म्हणजे ताशी दहा किलोमीटर. म्हणून कमी आट्याचा, सावकाश पण दमदार रेटणारा पंखा घ्यावा. त्यात आपले शहर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटर उंच. हवा विरळ, तेव्हा पंधरा अश्वशक्तीतली पाऊण-एक इथेच गळते.

जुन्या दांड्याचे भोक आम्ही दोन्ही बाजूंनी लाकडी खुंटी ठोकून बुजवले. रिकाम्या झालेल्या इंजिनाच्या पेटीत पेट्रोलची टाकी ठेवावी, असे उस्तादांचे मत पडले. तिथे मात्र मी हटलो. डिझेलची वाफ सहजी होत नाही; पेट्रोलची होते, आणि ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने होडीच्या तळाशी साचून ठिणगीची वाट पाहते. उस्ताद दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच पेटीचे झाकण उखडून घेऊन गेले, आणि टाकीसाठी उघड्यावर लोखंडी कडे बसवून दिले.