योगवर्गातील चार विधाने

जून महिना लागला की शाळाशाळांतून योगदिनाची तयारी सुरू होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा दिवस योगदिन म्हणून ठरवला आणि २०१५ पासून तो पाळला जातो. पटांगणावर मुले ओळीने बसतात आणि शिक्षक सूचना देतात. सूचनांबरोबर बहुधा कारणेही दिली जातात : "खोल श्वास घ्या, म्हणजे शरीराला जास्त ऑक्सिजन मिळेल." मुले ते ऐकतात आणि खरे मानतात, कारण ते शिक्षकांनी सांगितलेले असते.

ही कारणे कुठून येतात हे पाहण्याची संधी मला पुण्यातील एका योग-स्टुडिओत मिळाली. नवीन येणाऱ्यांसाठी तेथे आठवडाभराचे 'ट्रायल' वर्ग होते. त्यांपैकी चार मी केले : प्राणायामाचा, तापवलेल्या खोलीतील 'हॉट योगा'चा, ताण देणाऱ्या आसनांचा आणि शीर्षासनाचा. शिकवणारी मंडळी मन लावून शिकवत होती. वर्गानंतर मला बरे वाटले, झोपही चांगली लागली. मात्र प्रत्येक वर्गात एक तरी विधान असे होते, की ज्याला विज्ञानाचा पोशाख चढवलेला होता. अशी चार विधाने आपण एकेक करून तपासू. आपल्याला बरे वाटते हा अनुभव झाला. ते का वाटते हे त्याचे स्पष्टीकरण झाले. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि पहिली खरी असली म्हणून दुसरी आपोआप खरी ठरत नाही.

विधान पहिले : जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातील ऑक्सिजन वाढतो

कोरोनाच्या साथीत, म्हणजे २०२० नंतर, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर पुष्कळ घरांत आले. प्राणायामाच्या वर्गात मी ते परवानगीने बोटाला लावून बसले. सुरुवातीला आकडा ९८ होता. भस्त्रिकेची तीन आवर्तने झाल्यावर तो ९९ झाला. यात नवल काही नाही. निरोगी माणूस स्वस्थ बसलेला असतानाही त्याच्या रोहिण्यांतील हिमोग्लोबिन सुमारे ९७-९८ टक्के भरलेलेच असते. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतून काय वाढणार?

आकड्यांत सांगायचे तर १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिनला बांधलेला ऑक्सिजन सुमारे २० मिलिलिटर असतो. रक्तद्रवात नुसता विरघळलेला असतो तो ०.३ मिलिलिटर. जोरजोरात श्वास घेऊन हा ०.३ फार तर ०.४ होईल. वीसच्या मानाने ही भर नगण्य आहे.

मग बदलते काय? बदलतो तो कार्बन डायऑक्साइड. शरीरात तो जितका तयार होतो त्याहून वेगाने आपण बाहेर टाकू लागतो. रोहिण्यांतील रक्तात त्याचा दाब साधारणपणे ४० मिलिमीटर पारा इतका असतो, तो झपाट्याने उतरतो. त्याचे तीन परिणाम होतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि मेंदूला होणारा रक्तपुरवठा घटतो. रक्त जरा अधिक आम्लारिधर्मी झाल्याने हिमोग्लोबिन ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवते. रक्तातील मुक्त कॅल्शियमचे प्रमाण कमी झाल्याने चेतातंतू अकारण उत्तेजित होतात आणि बोटांना, ओठांना मुंग्या येतात. वर्गात या मुंग्यांना 'ऊर्जेचा संचार' म्हटले गेले. डोके हलके झाल्यासारखे वाटते, त्याला 'मेंदूला ऑक्सिजन मिळाला' असे म्हटले गेले. प्रत्यक्षात त्या क्षणी मेंदूला तो नेहमीपेक्षा कमी मिळत असतो.

कपालभातीत उच्छ्वास लहान आणि आटोपशीर ठेवले तर हा परिणाम सौम्य राहतो. भस्त्रिका किंवा अट्टाहासाने केलेली कपालभाती यांत तो अधिक दिसतो. निरोगी माणूस बसलेला असेल तर थोड्या वेळात सारे पूर्ववत होते.

परंतु हे चुकीचे स्पष्टीकरण पाण्याजवळ जिवावर बेतू शकते. श्वास रोखल्यावर जी घुसमट होते ती मुख्यत्वे कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते, ऑक्सिजन संपत आल्यामुळे नव्हे. विहिरीत किंवा तलावात बुडी मारण्यापूर्वी एखाद्या मुलाने 'ऑक्सिजन भरून घ्यावा' म्हणून जोरजोरात श्वास घेतले, तर ऑक्सिजन वाढत नाही, धोक्याची घंटा मात्र उशिरा वाजते. दरम्यान ऑक्सिजन इतका खाली येतो की मुलगा पाण्याखालीच, कोणतीही पूर्वसूचना न मिळता, बेशुद्ध होतो. चांगल्या पोहणाऱ्यांचेही असे मृत्यू झालेले आहेत. म्हणून "खोल श्वासाने ऑक्सिजन साठतो" हे वाक्य शाळेत उच्चारताना विचार करावा. बुडी मारण्याआधी असे श्वास घेऊ नयेत हे तर मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावे.

विधान दुसरे : घामावाटे विषारी द्रव्ये आणि चरबी निघून जाते

'हॉट योगा'च्या खोलीत तापमान ३८ अंश सेल्सिअस होते. तासाभरात अंगावरचे कपडे चिंब झाले. वर्गापूर्वी व वर्गानंतर मी वजन केले, ते ७०० ग्रॅमने कमी भरले. शेजारच्या बाई खूश झाल्या, कारण त्यांचे त्याहूनही अधिक उतरले होते.

आता साधे गणित करू. एक किलोग्रॅम चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा असते. म्हणजे ७०० ग्रॅमला जवळजवळ ५,४०० किलोकॅलरी झाल्या. सर्वसाधारण प्रौढ माणूस संपूर्ण दिवसात दोन ते अडीच हजार किलोकॅलरी खर्च करतो. दोन दिवसांहून अधिक काळाची ऊर्जा एका तासात खर्च होणे शक्य नाही. गेले ते पाणी, आणि पाणी पिऊन जेवल्यावर रात्री वजन पुन्हा जागेवर आले.

घाम म्हणजे सुमारे ९९ टक्के पाणी. उरलेल्यात मुख्यतः मीठ, थोडा युरिया आणि लॅक्टिक आम्ल. घामाचे काम शरीर थंड ठेवण्याचे आहे. एक ग्रॅम घामाचे बाष्प होताना त्वचेची सुमारे ५८० कॅलरी उष्णता जाते. म्हणून वाळणारा घाम उपयोगी पडतो आणि चटईवर टपकणारा वाया जातो. रक्त गाळण्याचे काम मूत्रपिंडे करतात, दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळून. यकृत त्यांच्या जोडीला असते. दमट खोलीत घाम वाळत नाही आणि शरीराचे तापमान चढू लागते. गरगरले की 'विषे बाहेर पडत आहेत' असे समजून बसून राहू नये. बाहेर यावे आणि मिठा-साखरेचे पाणी घ्यावे.

विधान तिसरे : ताण दिल्याने स्नायू लांब होतात

पुढे वाकून पायाच्या अंगठ्यांना हात लावायचा. पहिल्या दिवशी माझी बोटे अंगठ्यापासून ११ सेंटिमीटर दूर राहिली, पाचव्या दिवशी ६ सेंटिमीटर. पाच दिवसांत मांडीमागचा स्नायू ५ सेंटिमीटर वाढला काय?

तसे नाही. स्नायूंत ताण ओळखणारे संवेदक असतात. ताण वाढला की ते मज्जारज्जूला कळवतात, स्नायू आखडतो आणि 'आता पुरे' अशी वेदना जाणवते. काही आठवड्यांच्या सरावाने स्नायूंत काय फरक पडतो याचे मापन अनेक प्रयोगांत झाले आहे. स्नायूची लांबी किंवा ताठरपणा फारसा बदललेला नसतो. बदललेली असते ती चेतासंस्थेची सहनशीलता. तोच ताण तिला आता कमी धोकादायक वाटतो. दीर्घकाळच्या सरावाने ऊतींतही काही बदल संभवतात, पण सुरुवातीची प्रगती ही मुख्यतः शिकण्याची प्रगती आहे.

यातून शिक्षकांना एक व्यावहारिक सूचना मिळते. चेतासंस्था हळूहळू पटवून घेते, ती धक्क्याने ऐकत नाही. वाकलेल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून दाबणे म्हणजे धोक्याचा इशारा डावलणे होय. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांनी आसनांसाठी पट्टे, लाकडी ठोकळे आणि घड्या घातलेली ब्लँकेटे वापरण्याची पद्धत रूढ केली. तिच्यामागचा विचार हाच आहे : शरीर आसनापर्यंत ओढून न नेता आसन शरीराच्या आवाक्यात आणावे.

विधान चौथे : शीर्षासनाने दृष्टी सुधारते

डोक्याकडे रक्त जाते, म्हणून डोळ्यांचे पोषण होते, असे हे विधान. चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांनी शीर्षासन करणाऱ्या अनुभवी व्यक्तींच्या डोळ्यांतील दाब मोजला आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शीर्षासनात हा दाब साधारण दुप्पट होतो. निरोगी डोळ्याला थोड्या वेळासाठी तो सोसतो. काचबिंदूच्या रुग्णाचा दृष्टिचेता मात्र वाढत्या दाबानेच निकामी होत असतो आणि काचबिंदू पुष्कळदा कळत नकळत वाढतो. दृष्टी सुधारावी म्हणून अशा माणसाने शीर्षासन केले, तर उपाय म्हणून केलेली गोष्ट अपायाची ठरेल.

मग बरे का वाटते?

या चार विधानांवरून योगाभ्यास निरुपयोगी आहे असा अर्थ काढला तर तीही घाईच होईल. वर्गातील एका गोष्टीबद्दल कोणी फारसा दावा केला नाही आणि तिचाच पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे. ती म्हणजे संथ श्वसन.

आपण एरवी मिनिटाला १२ ते १६ वेळा श्वास घेतो. तो वेग सहावर आणला, म्हणजे ५ सेकंद श्वास आणि ५ सेकंद उच्छ्वास, तर हृदयाची लय श्वासाबरोबर स्पष्टपणे वरखाली होऊ लागते. श्वास घेताना ठोके जलद पडतात, सोडताना संथ. हृदयाला आवर घालणारी व्हेगस ही चेता उच्छ्वासाच्या वेळी अधिक प्रभावी होते, हे त्याचे कारण. रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त यंत्रणाही या वेगाला अधिक तत्पर होते.

इटलीतील संशोधकांनी २००१ मध्ये एक मनोरंजक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी २३ निरोगी व्यक्तींना एकदा ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा 'ओम मणि पद्मे' हा मंत्र. दोन्हींमुळे श्वसन मिनिटाला सुमारे सहावर आले आणि हृदयावरील परिणामही सारखाच दिसला. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, श्वासाचा वेग एक.

आसनांचेही असेच आहे. जुनाट कंबरदुखीवरील प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये कॉक्रेन या संस्थेने घेतला. काहीच व्यायाम न करणाऱ्यांच्या मानाने योगाने थोडा ते मध्यम फायदा होतो आणि इतर व्यायामांच्या मानाने फारसा फरक पडत नाही, असे त्यात दिसले. हा फायदा माफक असला तरी खरा आहे. पण एवढ्यावर रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या परस्पर बंद करणे परवडणारे नाही.

लोणावळ्याचा धडा

योगाची अशी तपासणी करणे म्हणजे परंपरेचा अवमान, असे काहींना वाटते. त्यांनी लोणावळ्याचा इतिहास पाहावा. स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ मध्ये तेथे कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो हे त्यांनी दाबमापक वापरून दाखवले आणि या निर्वाताला आपले गुरू माधवदास यांचे नाव दिले. पुढे १९३०च्या दशकात त्यांनी प्राणायामातील ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड यांची मोजमापेही प्रसिद्ध केली. गुरूवरील श्रद्धा आणि हातातील दाबमापक यांत त्यांना विरोध वाटला नाही.

वर्गात करून पाहा

आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांचे तिघातिघांचे गट करा. पहिल्याने बसून ५ सेकंद श्वास, ५ सेकंद उच्छ्वास असे सावकाश श्वसन करावे. दुसऱ्याने त्याच्या मनगटाची नाडी धरून प्रत्येक ठोक्याला बाकावर पेन्सिल आपटावी. तिसऱ्याने डोळे मिटून फक्त पेन्सिलीचा आवाज ऐकावा आणि श्वास घेणे कधी सुरू झाले, सोडणे कधी, हे ओळखावे. मुलामुलींत हा फरक चांगला ऐकू येतो. आठ-दहा गटांचे निकाल फळ्यावर मांडले की किती अंदाज बरोबर आले ते कळेल.

दुसरा प्रयोग दोन आठवड्यांचा. रोज एकाच वेळी बसून पुढे वाकायचे आणि बोटे अंगठ्यापासून किती दूर राहिली ते पट्टीने मोजायचे. निम्म्या मुलांनी रोज अर्धा मिनिट ताण द्यावा, निम्म्यांनी फक्त मोजमाप करावे. नुसते मोजणाऱ्यांचीही थोडी प्रगती झाली, तर तिचे कारण काय, यावर चर्चा रंगेल. श्वास रोखण्याची किंवा जलद श्वसनाची स्पर्धा मात्र लावू नये.

एवढे झाल्यावर मुलांना एक वही करायला सांगावी. डाव्या पानावर 'काय वाटले', उजव्या पानावर 'का वाटले असावे' आणि खाली 'हे तपासायचे कसे'. योगदिनाच्या दिवशी पटांगणावर जे काही सांगितले जाईल, ते या तीन रकान्यांत लिहिले गेले तर तो तास शारीरिक शिक्षणाचा तर असेलच, विज्ञानाचाही असेल.